वाटीतली साखर

आचलला वाटी दिली, की ती कधी रिकामी परत येत नसे. होस्टेलच्या खोलीत आम्ही दोघीच. घरून आलेला चिवडा मी तिला वाटीत काढून द्यायची. संध्याकाळी वाटी घासून यायची आणि तिच्यात काहीतरी असायचं. चार शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

"अवं, इथं कोण पाहून राहिलं?" मी म्हणायची.

"कोणी पाहो का न पाहो. रिकामं भांडं देत नसतात."

आचल अकोटची, शेतकऱ्याच्या घरातली. अकोल्यात मावशीकडे राहून तिने पॉलिटेक्निक केलं आणि थेट दुसऱ्या वर्षाला अमरावतीत इंजिनीअरिंगला आली. माझ्यासारखीच इलेक्ट्रॉनिक्सला. फरक एवढाच, की मत्सर करावा तर तिनेच, आणि तोही उघड. कोणाला तिच्याहून एक मार्क जास्त पडला, की त्याच्या चपलेपासून हस्ताक्षरापर्यंत सगळ्याला ती नावं ठेवायची. दोन दिवसांनी विसरायची. सोहमच्या बाबतीत मात्र विसरली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचा वर्ग नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडगिरणी पाहायला गेला होता. येताना बस बंद पडली. तिच्या शेजारी वर्गातलाच सोहम बसलेला. वेळ जावा म्हणून आचलने त्याला मावशीकडच्या जुन्या दिवाळी अंकातली एक कथा सांगितली. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन जावा, वर्षानुवर्षं बोलणं बंद. मोठी आजारी पडते. धाकटी भिंतीवरून वाटीभर वरण देते. वाटी परत येते. संपली कथा.

सोहम अमरावतीतल्या वकिलाचा मुलगा. त्याच्याकडे कॅमेरा होता आणि हाताशी मित्र होते. उन्हाळ्यात त्याने त्या कथेवर छोटा चित्रपट केला आणि तो युवक महोत्सवात निवडला गेला. आधी कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. शेवटी वाटी परत येते, धाकटी आत पाहते, तळाशी चिमूटभर साखर. टाळ्या थांबेनात. आचल दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"कथा मले सापडली," खोलीवर आल्या आल्या ती म्हणाली. "सांगितली मी. अन् हार त्याच्या गळ्यात!"

"तू केला असता काय पिक्चर?"

"केला असता! मले कोणी इचारलं?"

त्याच आठवड्यात अनुपमा मॅडमनी निबंध दिला. 'साहित्य आणि सिनेमा' हा आमचा ऐच्छिक विषय त्या शिकवायच्या. मूळ कथा आणि सोहमचा चित्रपट, दोन्हींचं मूल्यमापन करायचं. ज्याचा निबंध सर्वांत चांगला, तो महोत्सवात चित्रपटाच्या आधी स्टेजवरून वाचणार, सोहमच्या शेजारी उभं राहून.

"आता पाह्य तू गंमत," आचल म्हणाली.

बिघडलेलं सर्किट तपासावं तसा तिने तो चित्रपट एकेक टोक धरून तपासला. आजारी बाईच्या अंगावर घडीच्या खुणा असलेलं कोरं लुगडं. पडक्या भिंतीला ताजा चुना. सतार इतकी मोठी, की बाईचं कण्हणंच ऐकू येत नाही. दोष खरे होते. अडली ती फक्त साखरेपाशी. तिथे काही सापडेना. मग तिने लिहिलं, 'हा क्षण मूळ लेखिकेचा आहे. दिग्दर्शकाने फक्त कॅमेरा लावला.' त्याखाली कथेतलं नेमकं वाक्य हवं होतं. म्हणून रविवारी आम्ही अकोल्याला गेलो.

शकुनमावशीने दिवाणाखालून अंकांचा गठ्ठा ओढला. आचलने शेवटचं पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मी अंक तिच्या हातून घेतला. शेवटी छापलं होतं, 'वाटी लख्ख घासून परत आली. आत काहीच नव्हतं.'

"साखर कुठं गेली?" आचल म्हणाली.

"कोणती साखर वं?" मावशीने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. मावशी हसत सुटली. "अवं बह्याडे, तूच टाकली असशीन सांगता सांगता! तुया तोंडून रिकामी वाटी कशी निघीन?"

परतीच्या बसमधून तिने सोहमला फोन लावला. "तू कथा वाचली होती काय?"

"वाचायची कशाला यार? तू सांगितली होतीस ना."

तिने फोन ठेवला. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाली, "म्हणजे टाळ्या माह्या होत्या." आणखी थोड्या वेळाने, "पण बिनासाखरेची कथाच चांगली आहे. त्या लेखिकेचा तं मले सगळ्यात जास्त राग येऊन राहिला."

मॅडमनी वर्गात निबंध वाचायला लावले. आचल उभी राहिली. तिने शेवट बदलला होता. 'कथेत वाटी रिकामी येते, आणि तेच खरं आहे. काही भांडणं वरणाने मिटत नाहीत. चित्रपटातली साखर गोड आहे आणि खोटी आहे. ती कथेतून आलेली नाही, अकोटच्या एका घरातून आली आहे.'

"हे तुला कसं ठाऊक?" मॅडमनी विचारलं.

"मीच टाकली मॅडम. बसमध्ये."

वर्ग फुटला हसून. सोहमचे कान लाल झाले, पण तो उठला. "खरं आहे मॅडम. मी कथा वाचलीच नव्हती. टायटलमध्ये हिचं नाव टाकतो."

"टाकायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. मग आचलकडे वळल्या. "निबंध तुझाच सर्वांत चांगला आहे. पण चित्रपटात तुझाच हात निघाला. मग स्टेजवरून मूल्यमापन तूच कसं वाचणार? दुसऱ्या नंबरचा निबंध जाईल."

दुसरा नंबर माझा होता.

त्या संध्याकाळी मी तिला चिवडा दिला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच. तिने सगळा खाल्ला. "अभिनंदन," म्हणाली. आणि मग, "अक्षर सुधार पण. स्टेजवर तुले तुयंच वाचता येणार नाही."

सकाळी माझ्या टेबलावर वाटी होती. लख्ख घासलेली. आत काहीच नव्हतं.