भराव न टाकणारी मावशी

आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, केळीच्या वाडीत एक मावशी एकटी राहते. बोलताना ती माणसाकडे बघत नाही, हातातल्या कामाकडे बघते. मला ती आवडते आणि तिची थोडी भीतीही वाटते. पावसाळ्यात तिच्या अंगणात गुडघाभर पाणी साचतं, म्हणून यंदा उन्हाळ्यात तिने दारापुढे खांबांवर उभी राहील अशी लाकडी माची बांधायला घेतली.

वासे तीच निवडायची. वाशाचं टोक डोळ्याशी धरून, दुसरा डोळा मिटून, बंदूक रोखल्यासारखी त्याच्या लांबीवरून बघायची. वासा जरा वाकडा निघाला तरी तिला चालायचा, पण सुताराला बाक वरच्या अंगाला ठेवायला लावायची. "वजन पडलं का होईल सरळ," म्हणायची. खांब मात्र तिने मातीत गाडूच दिले नाहीत. "कुजतील." सुताराने कुरकुरत ते दगडी ठोकळ्यांवर बसवले.

काल आमचे सेक्रेटरी माझ्या शेजारी उभे राहून भिंतीवरून म्हणाले, "मावशी, एवढा खटाटोप कशाला? आमच्यासारखा भराव टाका. पाण्याची कटकटच संपेल."

मावशी वाशावरची नजर न काढता म्हणाली, "भराव टाकला का पानी पुढच्या घरात जातं."

"जाऊ दे की. आपण किती जणांचं बघणार?"

तिने वासा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ आमच्याकडे पाहिलं.

"तुमी भराव टाकला तवा पुढचं घर माझं होतं."