डिमरला माया नसते

टेलरकाकूंच्या दुकानातली ट्रायल रूम म्हणजे मागच्या खोलीचा एक कोपरा. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला जाड पडदा, समोर उभा आरसा आणि डोक्यावर एक ट्यूबलाइट. काकूंच्या हातात कसब होतं, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण ती ट्यूब त्यांची वैरीण होती. बाई आत जायची हसत आणि बाहेर यायची तोंड पाडून. डोळ्यांखालची वर्तुळं, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, सगळं त्या उजेडात उघडं पडायचं. आणि आपल्या चेहऱ्याचा राग कुणी चेहऱ्यावर काढत नाही, तो कपड्यावर निघतो. खांदा उतरलाय, कंबर ढगळ झालीय, गळा कसासाच दिसतोय. काकू "बघते हं" म्हणायच्या, कपडा दोन दिवस कपाटात ठेवायच्या आणि होता तसाच इस्त्री करून परत द्यायच्या. निम्म्या बायका खूश होऊन जायच्या. उरलेल्या निम्म्यांनी मात्र काकूंचा जीव नकोसा केला होता.

इस्त्रीचं खातं काकांकडे होतं. काका शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांच्या हातात इस्त्री दिली. तेव्हापासून इस्त्री, बटणं आणि हुक ही तीन कामं ते इमानेइतबारे करत. बोलायचे कमी. जे बोलायचे ते इस्त्रीकडे बघून.

ट्यूबचं रडगाणं काकूंनी एकदा नणंदेसमोर गायलं आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. ही नणंद म्हणजे काकांची थोरली बहीण. काकू त्यांना वन्सं म्हणत. वन्संनी सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काढला होता. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी असायचा. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि वहिनीने आपलं ऐकावं ही अपेक्षाही कधी सोडली नाही. काकू त्यांच्याशी अतिशय अदबीने बोलत आणि त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या बरोबर उलट वागत. इतक्या वर्षांत दोघींना याची सवय झाली होती.

वन्संनी येऊन ट्यूब काढून टाकली. आरशाच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ वॉटचे दोन साधे, तारेचे बल्ब लावले आणि पडद्याजवळ भिंतीत गोल बटणाचा डिमर बसवला. बटण फिरवलं की उजेड हळूहळू चढायचा, हळूहळू उतरायचा. काकूंनी ते बटण चार-पाचदा फिरवून पाहिलं आणि नळासारखंच आहे की, असं म्हणाल्या.

वन्संना असलं काही ऐकवत नसे. त्यांनी तिथल्या तिथे वर्ग घेतला. वीज नळाच्या धारेसारखी सलग येत नाही, ती लाटा मारत येते. हा डिमर लाट बारीक करत नाही. तो प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो आणि उरलेलीच बल्बाला देतो. म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा बंद होतो आणि शंभर वेळा लागतो, पण बल्बाची तार तेवढ्यात निवत नाही आणि आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. जास्त कापलं की उजेड कमी, कमी कापलं की जास्त.

"म्हणजे कटिंगच," काकू म्हणाल्या.

"कटिंगच," वन्संनी मान्य केलं. "पण एक लक्षात ठेवा वहिनी. यावर चारशे वॉट लिहिलंय. ते सगळे दिवे मिळून. त्याच्या वर जायचं नाही, आणि पंखा, मशीनची मोटर असलं काही याला जोडायचं नाही."

काका तेव्हा इस्त्रीकडे बघत म्हणाले, की शिलाई मशीन जोडता आली असती तर घरात जरा शांतता झाली असती. कुणी लक्ष दिलं नाही.

डिमरने दुकानाचं नशीब पालटलं. बायका आत जायच्या, पडदा ओढायच्या आणि आपापला उजेड लावून घ्यायच्या. बँकेतल्या बाई बटण अगदी खाली आणून स्वतःकडे अर्ध्या डोळ्यांनी बघायच्या. पोहायला शिकवणारी बाई मात्र आत गेल्या गेल्या बटण पार शेवटपर्यंत फिरवायची आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत शिवण न् शिवण तपासायची. आणि मग होत्या गायिकाबाई. त्यांचं कार्यक्रमांमुळे बरंच नाव होतं आणि त्यांना उजेड इतका मंद लागायचा की काकूंना टाचण्या बोटांनी चाचपून लावाव्या लागायच्या. उजेड अर्ध्यावर आणला की बल्ब बारीक गुणगुणायचे. ते गायिकाबाईंनीच पहिल्यांदा ऐकलं आणि सांगितलं, की तुमचा दिवा किंचित उतरा लागतोय.

खांदा उतरल्याच्या तक्रारी थांबल्या. बायका ट्रायल रूममधून बाहेर यायला तयार होईनात. हे पाहून काकूंना हुरूप आला, आणि हुरूप आला की त्या थांबत नसत.

चौकातला फोटो स्टुडिओ त्याच सुमारास बंद होत होता. त्यांच्या मेकअपच्या खोलीत एक मोठा आरसा होता, चौकटीवर चहूबाजूंनी शंभर-शंभर वॉटचे दहा गोल बल्ब लावलेला. नट्यांच्या फोटोत असतो तसला. स्टुडिओवाला म्हणाला, घेऊन जा, मला तो ठेवायला जागा नाही. काकूंनी तो उचलला, आणि स्टुडिओतल्याच एका माणसाने जुन्या दोन बल्बांच्या वायरींवर तो जोडून दिला. डिमर तोच राहिला.

काकांनी एकदा, इस्त्रीकडे बघतच, चारशेची आठवण करून दिली. त्यांच्या हिशेबाने हे हजार होत होते.

काकूंकडे उत्तर तयार होतं. शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा राखून ठेवतात त्याला टेलर लोक माया म्हणतात. उद्या माणूस सुटलं तर शिवण उसवून कपडा वाढवता यावा म्हणून. काकूंचं म्हणणं असं, की ज्याने डिमर बनवला तोही कारागीरच, आणि कुठलाही कारागीर मापाला माप शिवत नाही. "चारशे लिहिलंय म्हणजे आत भरपूर माया असणार," त्या म्हणाल्या. "आणि वन्सं जे सांगतात त्यातलं निम्मं भीती घालायला असतं."

चालला की डिमर. दिवसच्या दिवस चालला. त्याचं कारण काकूंना माहीत नव्हतं, ते असं, की बहुतेक बायका बटण खालीच ठेवायच्या. लाटेचा बराचसा भाग कापला जायचा आणि बिचाऱ्या डिमरवर पूर्ण भार क्वचितच पडायचा. बटणाची चौकट कोमट लागायची, पण आतली जागा उबदार आहे असं म्हणून बायका कौतुकच करायच्या.

त्या उजेडाचं एक गिऱ्हाईक मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी दुकानात शुकशुकाट असायचा. काकू हातशिलाईचं काम घेऊन आत जायच्या, स्टुलावर बसायच्या, बटण निम्म्याच्या खाली आणायच्या आणि तुरपाई करायच्या. मधूनच मान वर करून आरशात बघायच्या. गायिकाबाईंचा कार्यक्रमासाठीचा काळा पायघोळ ड्रेस त्यांनी असाच, तुकड्याला तुकडा लावून, तिथे बसून जुळवला.

ज्या दिवशी गायिकाबाई त्या ड्रेसच्या शेवटच्या ट्रायलला आल्या, त्या दिवशी त्यांच्या आधी पोहायला शिकवणारी बाई आत होती. तिला कोट हवा होता आणि तिच्या खांद्यांना साधं माप चालत नसे. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, दहाच्या दहा बल्ब रणरणत होते, आणि ती हात वर-खाली करून बघत राहिली. काकूंच्या नाकाला वास आला.

"अहो, काय जाळलंत?" त्यांनी आतूनच विचारलं.

काकांनी इस्त्री उचलली, खालचा कपडा उलटापालटा करून पाहिला आणि काही नाही म्हणून सांगितलं. काकूंचा विश्वास बसला नाही. त्यांनी बाहेर येऊन स्वतः इस्त्री तपासली, काकांना चार शब्द सुनावले आणि खिडकी उघडली. काका म्हणाले, वास आतून येतोय. काकू म्हणाल्या, चूक कबूल करायला काय जातं माणसाचं.

पोहण्याची बाई गेली, गायिकाबाई आत आल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे बटण खाली आणलं, चौकट हाताला चटका देते अशी तक्रार केली आणि ड्रेस चढवला. काकू जमिनीवर बसून खालची घडी टाचत होत्या. मंद उजेडात गायिकाबाई मान तिरकी करून स्वतःवर खूश होत होत्या.

टप् असा आवाज झाला आणि दहाही बल्ब एकदम पेटल्यासारखे उजळले.

काकूंनी उठून बटण फिरवलं. मग उलटं फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं आणि उजेड तसूभरही हलला नाही. गायिकाबाईंनी चेहऱ्यासमोर दोन्ही हात धरले, आणि ते तसेच राहिले. त्या बाह्यांकडे बघत होत्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "हा हात काळा आहे. आणि हा निळा."

काकूंनी पाहिलं. उजवी बाही काळी होती. डावी गडद निळी, बँकेतल्या बाईंच्या स्कर्टसाठी आलेल्या कापडाची.

यावर काही बोलायला वेळ मिळाला नाही, कारण बटणाच्या चौकटीतून धुराची बारीक रेघ वर निघाली होती. काकूंची हाक ऐकून काकांनी आयुष्यात प्रथमच काही न विचारता मेन स्विच पाडला. मागची खोली काळोखात बुडाली. टाचण्यांनी भरलेल्या गायिकाबाईंना बसता येईना, वाकता येईना. मग काकूंनी धरून आणि काकांनी मागचा घोळ उचलून त्यांना चालवत चालवत दुकानाच्या दारापर्यंत आणलं. दारातल्या उन्हात निळं अधिकच निळं दिसलं. रस्त्यावरच्या चार माणसांनी थांबून ते पाहिलं आणि त्यातल्या एकाने नव्या फॅशनबद्दल विचारलं.

वन्सं संध्याकाळी आल्या. डिमर भिंतीतून काढून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवला. आतून तो तपकिरी झाला होता आणि प्लास्टिक मेणासारखं वितळलं होतं. काकूंना राहून राहून एकच गोष्ट पटत नव्हती. जळायचं तर विझून जळावं, हा उजळून कसा जळला?

वन्संनी सांगितलं, की लाट कापणारा जो भाग असतो तो जास्त तापला की बहुतेक वेळा आतल्या आत चिकटून बसतो. कात्रीच चिकटली की कापणार कोण? सगळी वीज सरळ बल्बांत. वर हा भिंतीत चिणलेला, त्याला वारा कुठून लागणार. उष्णता बाहेर टाकता येईल एवढंच ओझं लिहिलेलं असतं.

"मला वाटलं माया ठेवलेली असेल," काकू पुटपुटल्या.

"डिमरला माया नसते वहिनी. जे लिहिलंय तेच. लिफ्टमध्ये आठ लिहिलं असताना तुम्ही बारा जण चढता का?"

काकू चढत असत. लिफ्ट खाली जाणारी असली तर नेहमीच.

बोलता बोलता वन्संना कोपऱ्यातलं स्टूल आणि सुयादोऱ्याची टोपली दिसली. इथे कोण बसतं, त्यांनी विचारलं. मग बाह्यांचा उलगडा झाला. काकूंनी आधी पाठीचं निमित्त सांगितलं, मग पुढच्या खोलीतल्या धुळीचं, आणि शेवटी खाली बघत म्हणाल्या, "तिथे मी बरी दिसते."

वन्संनी हातातला टॉर्च खाली वळवला. त्या मंद उजेडात त्यांनी आरशात एकदा स्वतःकडे पाहिलं, आणि उद्या नवा डिमर आणते म्हणून निघून गेल्या.

त्यांनी तसलाच नवा डिमर बसवला आणि मोठे बल्ब काढून ठेवले. योग्य बल्ब मी आणेपर्यंत धीर धरा, असं बजावून गेल्या. काकूंनी अर्थातच धीर धरला नाही. आता कमीत कमी वॉटचं लावायचं असा निश्चय करून त्यांनी बाजारातले सगळ्यात हलके एलईडी आणले आणि दहाही जागी बसवले. सगळे मिळून जेमतेम पन्नास वॉट. बटण खाली आणलं की त्यातले चार विझायचे, तीन थरथरायचे आणि उरलेले मिणमिणत राहायचे. बँकेतल्या बाईंना आत भोवळ आली आणि आपली शुगर उतरली असं समजून त्यांनी काकांकडून साखर मागून घेतली.

"आधी हत्ती बसवलात, आता माशी," वन्सं म्हणाल्या. या जुन्या जातीच्या डिमरला चालायला थोडं तरी ओझं लागतं, आणि मंद करता येणारे एलईडी वेगळे मिळतात, ते तसं लिहिलेलं बघून घ्यायचे. त्यांच्यासाठी डिमरही वेगळा. आणि त्यावरही तारेच्या बल्बांसाठी मोठा आकडा लिहिलेला असतो, एलईडीसाठी त्याहून बराच लहान, तेव्हा लहान आकडा वाचायचा. काकूंनी या वेळी मान हलवली, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे मनापासून हलवली.

आता ट्रायल रूममध्ये दहा शहाणे एलईडी आहेत, गुणगुण जवळजवळ नाही आणि चौकट हाताला गार लागते. गायिकाबाईंनी पुष्कळ विचार करून दोन्ही बाह्या निळ्या करून घेतल्या आणि कार्यक्रमानंतर आणखी दोघींना दुकानात पाठवलं.

काकू दुपारी अजूनही स्टुलावर जाऊन बसतात, फक्त तिथे आता रंग जुळवत नाहीत. ते काम त्या रस्त्यावर करतात. दोन्ही हातांत दोन तुकडे धरून त्या भर उन्हात मधोमध उभ्या राहतात. परवा एक टेम्पो त्यांच्यासाठी थांबला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात उचलला, तेवढ्यात काकू खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तुकडे त्याच्या नाकासमोर धरून त्यांनी विचारलं, "नीट बघून सांगा, हे दोन्ही काळेच आहेत ना?"

त्याने नीट बघितलं. मग खाली उतरून, सावलीतून बाहेर येऊन पुन्हा बघितलं. मागे आणखी तीन गाड्या येऊन थांबल्या होत्या.