राजवाड्याच्या बागेतला मोह

मंडळी, आज सकाळीच आईला नागपुरातला जुना राजवाडा दाखवायला नेलं. झुंबरं, आरसे, सिंहासन, तिला कशाचंच कौतुक नाही! बाहेर बागेत मात्र ती मोहाखाली थबकली. हिरवळीवर फुलंच फुलं.

"भाऊ, हे झाड कोणाचं?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

पन्नासच्या दशकात, कुरखेड्याकडे तिच्या लहानपणी, प्रत्येक घराचा मोह ठरलेला असे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे.

"पहिले राजाचं होतं, आजी. आता सगळ्याइचं हाय."

"मंग माहंबी हाय," म्हणत आई वेचायला बसली. पहारेकऱ्यानं शिट्टी खिशात टाकली.

ओंजळभर वेचून ती उठली.

"एवढीच?" मी विचारलं.

"सगळ्याइचं हाय ना बाबू, मंग सगळ्याइले नोको पुराले?"