साहित्याचा आढावा

माझा धाकटा भाऊ कलामहाविद्यालयात साचेकाम शिकवतो. मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचा साचा चढवायचा, आतली माती काढायची, साच्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं आणि शेवटी छिन्नीने साचा फोडून मूर्ती मोकळी करायची, हे तो चोवीस वर्षं मुलांकडून करून घेतोय. सगळे त्याला साचेमामा म्हणतात. मी त्याची थोरली बहीण, मराठीची निवृत्त शिक्षिका आणि त्याच्या मते भलतीच खोचक बाई.

गेल्या वर्षी महाविद्यालयाने नियम काढला, की पदव्युत्तर पदवी नसेल त्याने वर्गात शिकवायचं नाही. म्हणजे भावाची रवानगी सामानाच्या खोलीत. "ताई, तिथे पोत्यांशी काय बोलू मी?" असं तो म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. एरवी मी टर उडवली असती. एक्कावन्नाव्या वर्षी त्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

पहिलाच विषय संशोधन पद्धती, आणि त्यात नापास झाला की खेळ खलास. शिकवणाऱ्या मॅडम एके काळच्या त्याच्याच विद्यार्थिनी. दिवसा कार्यशाळेत त्या याला मामा म्हणायच्या आणि संध्याकाळी हा त्यांना मॅडम. घरी आला की माझं डोकं खायचा.

"गृहीतक म्हणजे काय गं?"

"आधीच खरं धरून चाललेली गोष्ट. ती मग तपासायची."

"तू मला गृहीत धरतेस तसं?"

"तुला काय तपासायचंय," मी म्हटलं.

पहिलं काम मिळालं ते 'साहित्याचा आढावा, वीस पाने'. भाऊ खूश झाला. महिनाभर खपून त्याने वीस पानं लिहिली. प्लास्टर कोणतं घ्यावं, काथ्या किती लांब असावा, घमेली, छिन्न्या, ब्रश, साबण, तेल. चौदाव्या पानावर 'बादल्या चार, पैकी एक गळकी' अशी नोंद होती. मी एकूण एक वेलांटी तपासली, 'पद्धती'तला ऱ्हस्व-दीर्घ पाहिला, आणि वर शाबासकी दिली. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला साहित्य म्हणजे पुस्तकंही असतात हे आठवलं नाही.

मॅडमनी वही परत दिली. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'मामा, साहित्य म्हणजे ग्रंथ. या विषयावर इतरांनी काय लिहिलंय ते. गळक्या बादलीबद्दल कार्यालयाला कळवते.' भावाने वही माझ्यापुढे आपटली. चूक माझीच होती, म्हणून पुस्तकं शोधायला मीच बरोबर येते म्हटलं.

मग आम्ही दोघं ग्रंथालयात गेलो. साचेकामावर एकच पुस्तक निघालं आणि तेही धुळीने माखलेलं. भाऊ ते वाचता वाचता एकदम तापला. साच्यात प्लास्टर ओतण्याआधी आतून साबणाचं पाणी लावतात, म्हणजे दोन्ही प्लास्टर एकमेकांना चिकटत नाहीत. भाऊ साबणाचा एक हात देतो आणि वरून तेल. पुस्तकात साबणाचे तीन हात सांगितले होते.

"या माणसाने जन्मात साचा केलेला नाही," भाऊ म्हणाला. "हेच माझं संशोधन. याला खोटा पाडतो."

मॅडमनी विषयाला होकार दिला, पण तुलना करून दाखवा म्हणाल्या. प्रबंधाच्या भाषेत त्याला नमुना निवड लागते. भावाने ती ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. अशा रीतीने माझ्या डाव्या कानाच्या बारा मातीच्या प्रती तयार झाल्या. सहा साच्यांना साबणाचा एक हात आणि वरून तेल, सहांना साबणाचे तीन हात. आमची मोरी प्लास्टरने तुंबली, आणि ती मोकळी करायला आलेल्या माणसाने कान मोजून मला नमस्कार केला.

साचे फोडले. पुस्तकाच्या रीतीने केलेले सहाच्या सहा कान सुटे निघाले. भावाच्या रीतीचे चार तुटले.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मी त्याला सरळ सांगितलं, "लिही की तुझे चांगले निघाले. कोण येतंय कान बघायला? चोवीस वर्षं चुकीचं शिकवलं असं लिहिलंस, तर वर्ग देतील का तुला?" मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगण्यात जन्म घालवलेली मी हे बोलले. मला आजही लाज वाटते.

"मग तपासलं कशाला?" एवढंच म्हणून तो उठला.

सादरीकरणाला मी मागच्या बाकावर होते. समोर मॅडम आणि एक बाहेरचे परीक्षक. भावाने बाराही कान टेबलावर मांडले आणि निष्कर्ष वाचला, "माझी पद्धत चुकीची आहे. मी ती चोवीस वर्षं शिकवली." परीक्षकांनी तुटलेले कान उलटसुलट पाहिले, बरं म्हणाले आणि सही केली. मॅडमनी पेन उघडलं, पण सही केली नाही.

"मामा, मी केलेला आजोबांचा पुतळा आठवतो?"

"नाक तुटलं होतं."

"तुम्ही म्हणालात, पोरी, तुझा हात जड आहे, हे काम तुझं नाही. मी त्याच वर्षी मूर्तिकाम सोडलं. म्हणून तर हा विषय शिकवते."

भाऊ एक तुटका कान हातात धरून उभा होता. चोवीस वर्षांत त्याने असं आणखी किती जणांना सांगितलं असेल, ते तो मोजत असावा.

"तुझा हात जड नव्हता, पोरी," तो म्हणाला. वर्गात मॅडम म्हणायचं असतं, हे तो विसरला. "साबणाचे दोन हात कमी पडले. ते माझे."

मॅडमनी खाली बघून सही केली. मग कितीतरी वेळ त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या.