हिरालालकाकांची लॅब

स्टील प्लांटच्या आमच्या कॉलनीत, सेक्टर १० मध्ये, अशी अफवा आहे की हिरालालकाका क्वार्टरच्या मागे मोहाची दारू गाळतात. शेजारच्या चरोद्याला पोचेपर्यंत त्या अफवेला दोन पिंपं आणि एक पोलीसही चिकटला होता.

खोटं आहे. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच, मला माहीत आहे. काका उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांसाठी वाइनचा पंच करतात. मोठ्या गंजात टरबूज, मोसंबी, आंबा, पुदिना, बर्फ आणि वरून नाशिकची लाल वाइन. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी त्यातला थेंबही जिभेला लावलेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी मृणालताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या साक्षगंधात काका दोन पेग जास्त घेऊन व्याह्यांच्या खांद्यावर झोपले. व्याह्यांनी खांदा हलवला तर म्हणाले, "शांत राह्य ना बे!" दुसऱ्या दिवशी ताईनं सांगून टाकलं, "बाबा, यापुढं एक थेंब घेतला तर मी माहेरी पाय ठेवणार नाही."

काकांनी सोडली. कॉलनी काही सोडेना, म्हणून त्यांनी गंज स्वतःच्या ताब्यात घेतला. "एका बाटलीवर चार बाटल्यायची फळं. माणूस आपल्या पायानं घरी जाते."

न चाखता कसं जमतं? काका छत्तीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर होते. तिथं वितळलेलं लोखंड कोणी चाखत नाही, सँपल काढून लॅबला पाठवतात. काकांची लॅब म्हणजे समोरचे विजयकुमार अंकल. अंकल चमचाभर पितात, काका त्यांचं तोंड वाचतात. डावा डोळा मिटला की आंबट. भुवया चढल्या की वाइन जास्त. अंकल काही म्हणायला गेले की काका दटावतात, "लॅबनं बोलाचं नाही. फक्त रिपोर्ट द्याची."

मागच्या मे महिन्यात काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. संध्याकाळी साठ माणसं येणार, नागपूरहून ताई येणार, आणि भरदुपारी अंकल दाढ काढून आले. तोंडात कापूस.

"लॅब बंद," काका म्हणाले. (हे नाकातून म्हणायचं आणि 'बंद' अर्धा गिळायचा. मला छान जमतं; गच्चीवर मी अख्ख्या कॉलनीच्या नकला करते.)

अंजनाकाकू आतून ओरडल्या, "मले नका बोलावू! माझा मंगळवार हाय!"

"मी चाखू?" मी विचारलं.

"पहिले दहावी पास हो, पोट्टे."

"मग आज तुम्हीच चाखणार. लावा पैज."

"लावली. मी चाखलं, तर महिनाभर गच्चीवर उभी राहून माझी नक्कल कर. नाही चाखलं, तर साठ लोकायसमोर मी तुझी करीन."

मी हसले. माझी नक्कल करण्यासारखं आहेच काय?

साडेचारला काकांनी चमचा बुडवला. नाकाजवळ नेला. मग जरा खाली, ओठांपाशी.

"बाबा!"

दारात मृणालताई. खांद्याला बॅग, उन्हानं चेहरा लाल. काका हलेनात, चमचा हलेना. आत काकूंचं लाटणं थांबलं.

ताई रेल्वेत आहे. गाडीवर जाण्याआधी ड्रायव्हरांना मशीनमध्ये फुंकायला लावणं हे तिचं रोजचं काम. तोच आवाज निघाला. "फुंका."

काका फुंकले.

"जोरानं."

काका फर्नेससारखे फुंकले. ताईनं नाक पुढं केलं, डोळे मिटले.

"कांदा," ती म्हणाली. "पास. मंग हा चमचा तोंडाजवळ कावून?"

"वास घेऊन राहिलो होतो ना, माय. लॅब बंद हाय." काकांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वापस नको जाऊ." आणि त्यांनी चमचा तिच्यापुढं धरला. "सँपल."

ताईनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा चमच्याकडं. बॅग खाली ठेवली आणि प्यायली. डावा डोळा मिटला.

"बोलू नको!" काका ओरडले. "मोसंबी जास्त झाली!"

अर्धी वाटी साखर पडली. दुसऱ्या सँपलला भुवया जागच्या जागी. तिसरं सँपल ताईनं ग्लासभर घेतलं.

संध्याकाळी साठ माणसांसमोर काकांनी काकूंची ओढणी गळ्यात टाकली, नसलेले केस मागं सारले आणि किंचाळले, "ऐका ना, ऐका ना, हे कोण, ओळखा!" अख्ख्या गच्चीनं एका आवाजात माझं नाव घेतलं. उन्नती!

पैजेत नक्कल एकदाच करायची होती. माझ्या आईनं काकांना आणखी दोनदा करायला लावली.