मध्यंतरानंतर येणारी आई

जपानी लोक सिनेमाच्या मध्यंतरात सगळ्यांची नावं दाखवतात आणि सिनेमाचं नाव मध्यंतर झाल्यावर दाखवतात, असं मी चौथीत असताना वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं. कुणी हसलं नाही, कारण जपानी सिनेमा पाहिलेली वर्गात मी एकटीच होते. मीही एकच पाहिला होता, पण तो इतक्या वेळा, की माझं मत म्हणजे शेवटचा शब्द.

त्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली होती. आम्ही मूळचे खाडीकडच्या गावातले, मिठागरावर राबणारे. मिठागरं बंद झाली तेव्हा बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही पनवेलला दोन खोल्यांत राहायला आलो. आई पनवेलमध्ये रमली नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती वाऱ्याचा वास घ्यायची आणि आज खाडीचा आहे की कंपनीचा ते सांगायची. ती गेल्यावर ते सांगणारं कुणी उरलं नाही. बाबा पाळीवरून येत, भात लावत आणि मला समोर बसवून वेणी घालत. ती दुपारपर्यंत सुटायची.

एसटी स्टँडमागच्या गल्लीत तेव्हा एक व्हीसीडी लायब्ररी होती. एका सकाळी बाबा रात्रपाळी संपवून तिथून एक सिनेमा घेऊन आले. मी शाळेत निघालेच होते. कव्हरवर समुद्राकाठचे खाऱ्या पाण्याचे वाफे, त्यात लांब दांड्याचं फावडं घेऊन उभी असलेली बाई आणि तिच्या पदरापाशी एक मुलगी. पदर नव्हता खरं तर, पण मला तो दिसला.

"बग बाय," बाबा म्हणाले, "आपला मिठागर! जपानात पन हाय."

मी ते कव्हर छातीशी धरून बसले आणि शाळेत जायला नको म्हणून रडले. बाबांनी ते कसंबसं सोडवून घेतलं.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तो सिनेमा लावला. बाबांनी पडदे ओढले. पडदे पातळ निळे होते, त्यामुळे खोलीत ऊन निळं होऊन यायचं आणि पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. सिनेमा धुक्यातच सुरू व्हायचा. ती मुलगी धुक्यात आईला हाका मारत फिरते. आई सापडत नाही. मग ती एकटीच वाफ्यात पाणी घ्यायला शिकते, मीठ ओढायला शिकते. एक बगळा तिच्या मागे मागे असतो. शेवटी ती आईची चूल पेटवते, आणि नावं वर सरकू लागतात.

"मध्यंतर!" म्हणत बाबा उठायचे. त्यांना चहा, मला दूध आणि खारी. मग दुसरी सीडी.

दुसऱ्या सीडीत आधी सिनेमाचं नाव यायचं, मग लख्ख ऊन पडायचं, आणि आई आलेली असायची. हसत, गाणं गुणगुणत, जणू कुठे गेलीच नव्हती. मुलगी या भागात जरा लहान दिसायची, पण आई परत आल्यावर माणूस लहान होणारच, यात मला काही वावगं वाटलं नाही. बोलणं सगळं इंग्रजीत होतं. ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं, म्हणून बाबाच संवाद म्हणायचे. शेवटी दोघी भात खायला बसतात. मुलीच्या गालाला लागलेलं शीत आई बोटाने काढते आणि आपल्या तोंडात टाकते. तिथे बाबा रिमोटचं बटण दाबायचे.

"संपला. चल, हात धू."

अशा किती दुपारी गेल्या सांगता येणार नाही. लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकाने तो सिनेमा बाबांना देऊन टाकला. दुसरं कुणी तो नेतच नव्हतं. आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. आमच्या घरातही मध्यंतरच चालू आहे, असं मी धरून चालले होते. आई दुसऱ्या सीडीत येणार. मी वाट बघत होते, आणि ती वाट बघणं दुःखाचं नव्हतं. दुधात खारी बुडवून बसण्यासारखं ते होतं.

बारावीनंतर खारघरच्या कॉलेजात गेले. तिथे एका मैत्रिणीकडे त्याच सिनेमाची डीव्हीडी निघाली. चार जणी बसलो. सुरुवातीलाच नाव आलं, ऊन आलं, आई आली. मी म्हटलं, तुम्ही उलटा लावलाय. त्या म्हणाल्या, एकच तर डिस्क आहे. भाताचं शीत आलं, आणि सिनेमा पुढे चालतच राहिला. आई फावडं घेऊन धुक्यात गेली. चूल पेटली, नावं सुरू झाली, दिवा लागला. "पुढचा भाग लावा ना," मी म्हटलं, आणि त्या तिघी हसत सुटल्या.

मी भांडले. तुमची डीव्हीडी कापलेली आहे म्हटलं, आठवडाभर कुणाशी बोलले नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, "तिची सीडी खराब आसंल," आणि जेवलीस का विचारून विषय बदलला. मी एकदा हट्टाला पेटले की ऐकत नाही. एका वहीत त्या सिनेमाची सगळी कुंडली मांडायला घेतली. तिकडे तो थिएटरांत थोडेच दिवस चालला, मग कॅसेटवर आला. परदेशी नेताना त्याला कात्री लागली, इंग्रजी आवाज चढवले. आपल्याकडे दोन सीडींत आला, नंतर डीव्हीडी, नंतर कापलेले तुकडे परत जोडून ब्लू-रे. बाहेर नेताना सिनेमे असे उलटेपालटे करत, हे कळल्यावर मला केवढा धीर आला! म्हणजे कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी प्रतीत, आई परत येत असणार. मी प्रत्येक आवृत्ती मिळवून पाहिली. प्रत्येकीत ती धुक्यात जायची आणि येत नसे. आमचीच प्रत खरी, असं मानून मी वही मिटली.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. त्यांना माझ्याकडे आणायचं म्हणून पनवेलची जागा आवरायला घेतली, तेव्हा माळ्यावर तो सिनेमा सापडला. सीडींवर गोल कागद चिकटवलेले, एकावर १, दुसऱ्यावर २. पहिलीचा कागद सुटत आला होता. खाली इंग्रजीत छापलेलं होतं, दोन. तो १ मी ओळखला. खाली लांब शेपूट काढायची सवय बाबांची.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. भोळी बिचारी म्हणून स्वतःची कीव आली असती तर बरं, पण बाबांचा रागच आला. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो जाणार नव्हता. तेवढ्यात तो सिनेमा नव्याने साफसूफ करून पुन्हा थिएटरांत लागला, अगदी आमच्या पनवेलच्याही. मी बाबांना काही न सांगता घेऊन गेले.

नाव आलं तसे बाबा खुर्चीत सरळ झाले. यावेळी बोलणं जपानीत होतं, पण थोड्या वेळाने माझ्या कानाशी कुजबुज सुरू झाली. तेच जुने संवाद ते म्हणत होते. एवढ्या मोठ्या पडद्यावर मिठाचे वाफे आभाळासारखे पसरले होते आणि मी दोन्हीकडे होते, इथे आणि निळ्या पडद्यांच्या खोलीत. शीत आलं. आईने ते तोंडात टाकलं. आणि मूळ सिनेमात नसलेलं मध्यंतर आपल्या थिएटरवाल्यांनी बरोबर तिथे घातलं. दिवे लागले.

"संपला," बाबा उठत म्हणाले. "चल."

"बाबा, सीडी तुम्ही बदलल्या होत्या ना?"

ते परत बसले.

"तू शालंत गेलीस आन मी एकट्यानं बगितला. म्हटला, पोरीला भ्या वाटंल आसा काय नाय ना, बगून ठेवू. तर त्याच्यात आईच जाते. येतच नाय."

"मग परत करायचा लायब्ररीत."

"तू कवर धरून रडलेलीस. कसा परत करू?"

"मी वाट बघत राहिले, बाबा. किती वर्षं. आपल्याकडेही मध्यंतर चालू आहे असं वाटायचं मला."

"मी पन तेच करत होतो, बाय," ते म्हणाले.

दिवे गेले. बाबा बाहेर थांबतो म्हणाले, पण उठले नाहीत, माझ्या शेजारीच बसून राहिले. धुकं आलं तेव्हा त्यांची कुजबुज बंद पडली. या भागाचे संवाद त्यांच्याकडे नव्हतेच. मुलगी हाका मारत राहिली. बाबा तोंडाला रुमाल लावून रडले, आवाज न करता. मीही रडले. माझा हात त्यांच्या हातात होता आणि तो हात तितकाच खरखरीत होता, वेणी घालताना असायचा तसा.

चूल पेटली. नावं वर सरकू लागली. लोक उठले. बाबाही डोळे पुसत खुर्चीचे दांडे धरून उठायला लागले, तशी मी त्यांची बाही ओढली.

"बसा बाबा. मध्यंतर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश खाली बसले, मांडीवर हात ठेवून, अगदी शहाण्यासारखे.

"मंग आता येल ती," ते म्हणाले.

झाडूवाला येऊन उठवेपर्यंत आम्ही दोघं त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो होतो.