आम्हाला बाकावर बसवणारी उज्जू

उज्जू गेल्याचं कळलं तेव्हा मी कांदिवलीच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉलचा ले-अप शिकवत होतो. खिशात फोन सारखा थरथरत होता, मी लक्ष दिलं नाही. शेवटी वैतागून काढला तर आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर, जिथे वर्षभर वाढदिवसाचे केक आणि फालतू जोक यांशिवाय काही पडत नाही, तिथे एकच ओळ होती : 'उज्जू गेली रे.' त्याखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी वाचलं मात्र होतं…

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. अजून येतो. आता काही आठवडे उलटले, मित्र म्हणतात, शांतपणे चार शब्द लिही तिच्याबद्दल. शांतपणे कसलं लिहिणार, डोंबल! जमेल तसं लिहितो.

उज्ज्वला आमच्या संघाची फिजिओ. राहायची मुलुंडला, मूळची मालवणकडची. आमचा संघ म्हणजे अंधेरीचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. आपल्याकडे 'मी बास्केटबॉल खेळून पोट भरतो' असं सांगितलं की लोक आधी उंची विचारतात आणि मग नोकरी, त्यामुळे तुम्ही आमचं नाव ऐकलं नसेल तर मी मनावर घेणार नाही. आम्ही सगळे सहा फुटांच्या वरचे आणि ही जेमतेम पाच फूट. आम्हाला 'घोडे' म्हणायची. पण मॅचआधी ती समोर आली की घोड्यांची बोलती बंद. दुखऱ्या जागेवर अंगठा दाबायची, तोंडाकडे बघायची आणि एकच शब्द बोलायची. 'खेळ' किंवा 'बस'. 'बस' म्हटलं की बाकावर बसायचं. कोचसुद्धा मध्ये पडायचा नाही.

ज्या मोसमाबद्दल सांगतोय त्यात तिचा 'बस' म्हणून म्हणून घसा कोरडा पडला असेल. सुरुवातीलाच आमच्या पॉइंट गार्डचा घोटा गेला. मग सेंटरचं बोट मोडलं. मग एकाची कंबर धरली, एकाच्या पोटरीचा स्नायू फाटला. बाकावर खेळाडू कमी आणि बर्फाच्या पिशव्या जास्त. बघायला येणारे ओरडायचे, "अरे, ॲम्ब्युलन्सलाच जर्सी घाला!" तरी आम्ही जिंकत होतो, कसे ते देवाला ठाऊक. शेवटची साखळी मॅच जिंकून आम्ही पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत गेलो, आणि त्याच मॅचमध्ये रिबाउंड घेऊन खाली येताना मी दुसऱ्याच्या बुटावर उतरलो. गुडघ्यातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. रात्री कूस बदलताना, रिक्षातून उतरताना… कधीही.

मी कॅप्टन होतो. वयाने संपत आलो होतो. आख्खी कारकीर्द ज्याची वाट बघितली ते दार उघडलं होतं आणि मी लंगडत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टमागच्या खोलीत उज्जूने गुडघा हातात घेतला.

"कसा आहे?"

"झकास."

"मग डोळ्यात पाणी कशाला आलं, घोड्या?"

"घट्ट पट्टी लाव ना यार. प्लेऑफ होऊ दे, मग तू म्हणशील ते करतो."

"प्लेऑफ होईल रे. नंतर जिना कोण चढणार, तुझा काका? बस."

मी हातापाया पडलो, शिव्या दिल्या, वरपर्यंत गेलो. वरच्यांना मी हवाच होतो. ते म्हणाले, एक इंजेक्शन देऊ, दोन तास काही कळणार नाही. उज्जू दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी घरी जाते. दुसरी बघा." तिला घरी पाठवायची कोणाची टाप नव्हती. मी बसलो. महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. आणि एक सांगून टाकतो, तिचं बरोबर होतं हे मला त्याच दिवशी कळत होतं, तरी मी तिला आजवर माफ केलेलं नाही. ते दार पुन्हा उघडलं नाही ना!

बसून बसून मी तिच्याकडे डोळे वटारत असायचो. तर बाईने मला कामाला लावलं. "रिकामा बसलायस तर पट्ट्या काप." दुखऱ्या स्नायूवर लावायची ती निळी चिकटपट्टी, तिचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर घामाने सुटतात. क्वार्टर फायनल चालू आहे, उरलेसुरले सात जण जीव काढून पळतायत, आणि मी, कॅप्टन, कात्रीने कोपरे गोल करतोय. आम्ही ती मॅच काढली. त्यानंतर ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, टी-शर्टची कॉलर मागे ओढली आणि म्हणाली, "एक मला लाव. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये. ओढू नको, नुसती ठेव."

"काय झालं गं?"

"तुम्हा घोड्यांना उचलून उचलून दुसरं काय होणार?"

मी पट्टी लावली. पुढच्या मॅचला परत लावली. मग ते रोजचंच झालं. जुनी काढायची, नवी लावायची. तिथली कातडी लाल झाली होती. मी म्हटलं, "कोणाला तरी दाखव, उज्जू." ती म्हणाली, "मीच मला दाखवलंय. स्नायू आहे." मी पुन्हा म्हटलं. तेव्हा खेकसली, "तू फिजिओ की मी?" आमच्या धंद्यात दुखणं म्हणजे काय, तर बर्फ, पट्टी आणि उद्याची मॅच. दुखतंय याचा दुसरा काही अर्थ असेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच येत नाही. तिच्याही आलं नाही.

आम्ही सेमीफायनल जिंकलो. फायनलही जिंकलो! कुबड्या फेकून मी लंगडी घालत कोर्टवर गेलो, ढसाढसा रडलो. पोरांनी कप नेऊन उज्जूच्या हातात दिला, "उचल, उज्जू, उचल!" तिने छातीपर्यंत नेला. पुढे हात जाईना. सगळे हसले, कोणी म्हणालं, "वरण-भात खात जा गं!" तीही हसली आणि कप बाजूच्याला देऊन टाकला. त्या क्षणाचा व्हिडिओ ग्रुपवर आहे. सगळे नाचतायत, आणि तिचा चेहरा… तो मी आता बघत नाही.

नंतर कळलं, दुखणं पाठीचं नव्हतंच. कॅन्सर होता, दुसरीकडून सुरू होऊन मणक्यापर्यंत आलेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. दोन वर्षं ती झगडली. मी तिला बघायला जायचो आणि ती माझा गुडघा बघायची, वाकवून, दाबून, आवाज ऐकून. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मला बसवलंस. आख्ख्या टीमला बसवलंस. स्वतःला का नाही बसवलंस गं?"

तिने माझा गुडघा पुन्हा एकदा वाकवून बघितला. मग म्हणाली, "माझ्या जागी कोण उतरणार होतं?"

आता मी माझ्या घरचे तीन मजले न थांबता चढतो, आणि प्रत्येक जिन्यावर तिच्यावर भडकतो.

परवा मुलुंडला तिच्या आईकडे, आमच्या काकीकडे गेलो होतो. हॉलमध्ये उज्जूचं तपासायचं टेबल तसंच होतं, मॅचला घेऊन यायची ते घडीचं, डोक्याकडे तोंड ठेवायला गोल भोक असलेलं. काकी म्हणाली, "काढूक सांगतत सगळे. माझ्यान काढवत नाय. शेवटाक तिका खाटेर झोप लागायची नाय, मग ह्याच्यारच पालथी पडायची. मी पाठ चोळायचे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू पण दमलंस मरे. पड जरा."

नाही म्हणवेना. बूट काढले, पालथा पडलो, भोकात तोंड घातलं. या टेबलावर आम्ही कितीतरी संध्याकाळी असे पडलो असू. त्या भोकातून फक्त जमीन दिसते आणि आपल्याला बघणाऱ्याचे पाय. उज्जूचे पाय इकडून तिकडे फिरायचे, त्यांच्या चालीवरून आम्हाला कळायचं आज 'खेळ' आहे की 'बस'. मी फरशीकडे बघत पडलो होतो. खरं सांगतो, वाट बघत होतो.

पाय आले. टाचांना भेगा, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, उज्जूचं होतं तसंच. काकी होती. शेवटी शेवटी उज्जूला रोज हेच दिसत असणार. पाठीवर हात आला.

"खंय दुखता रे तुका?"

मी 'काही नाही' म्हणणार होतो, आम्हाला तीच सवय. पण तोंडून आलं, "मानेखाली, काकी. दोन खांद्यांच्या मध्ये."

ती तिथेच चोळत राहिली.